देवरावची पळी

गिरिधर वैरागडे सरांनी उभ्या आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. तेवढी एक लिहिली नसती, तर मराठी वाचकांचं काही अडलं नसतं आणि इतवारीतल्या देवरावचं सगळं सुरळीत चाललं असतं. पण निवृत्त माणसाच्या हाताला लिहायची खाज सुटली की ती कुणाच्या बापाला आवरत नाही. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून झालं होतं. बागेत फेऱ्या मारत दुसऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करण्यात सरांचा जीव रमेना. शेवटी शामलाताई, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणाली, "लिहा बाप्पा काय लिहायचं ते. निदान माह्या स्वयंपाकघरात तं येऊन उभे राहनार नाही."

मग सर लिहायला बसले आणि 'सातवी कुपी' बाहेर पडली. एक डोकं फिरलेला शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून भयंकर जंतूंची कुपी पळवतो आणि थेट नागपूरला येतो. नागपूरच का, तर ते देशाच्या मधोमध. इथून चारी दिशांना गाड्या सुटतात. इतवारीच्या गल्लीतल्या एका पोह्यांच्या ठेल्यावर तो गिऱ्हाईक बनून उभा राहतो, कुणाचं लक्ष नाही असं पाहून तर्रीच्या गंजात, म्हणजे झणझणीत रश्श्याच्या पातेल्यात, कुपी रिकामी करतो, बोटं पुसतो आणि रिक्षात बसून निघून जातो. पुढची तीनशे पानं माणसं पटापट मरतात आणि एक पोलीस अधिकारी बाई त्या शास्त्रज्ञाच्या मागे धावते.

आता हा ठेला सरांनी कुठून आणला, हे इतवारीत कुणालाही विचारावं लागलं नाही. धान्यबाजाराचे टेम्पो वळतात त्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली, देवराव गेली कित्येक वर्षं तर्री-पोहे विकत होता. निळी हातगाडी, पितळी परातीत पोह्यांचा ढीग आणि शेजारी काळ्या चण्यांच्या तर्रीचा भला मोठा गंज. गंजात पळी. ही पळी देवराव स्वतः कधी हातात घेत नसे. तो पोहे द्यायचा, वरून शेव भुरभुरायचा आणि बशी पुढे सरकवायचा. तर्री ज्याची त्यानं घ्यायची, हवी तेवढी, हवी तितक्यांदा. पोत्यांखाली वाकलेला हमाल, सराफाच्या दुकानातला मुनीम, शिकवणीला निघालेली पोरं, सगळ्यांच्या हातात तीच पळी. "तर्री मोजून वाढली तं मंग ते दवाखान्याचं जेवन झालं," असं देवराव म्हणायचा. त्याचं घर त्याच ठेल्यावर चालत होतं आणि मुलगा मोहित हळूहळू तो हाती घेत होता. सून काजल रोज चणे भिजवायची.

सर तिथे रोज जात. सरांचं देवराववर खरंच प्रेम होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की त्यांनी जुना दावा साधला. त्यांनी तो ठेला कादंबरीत घातला तो कौतुकानं. फक्त देवरावचा दौलतराव केला आणि निळ्या गाडीची हिरवी केली. एवढी खबरदारी घेतली की झालं, अशी त्यांची समजूत होती.

पुस्तक आलं आणि पहिला महिना तर दिवाळीच होती. पुस्तक वाचलेली पोरं मुद्दाम इतवारी शोधत यायची, कडुनिंबाखाली उभी राहून फोटो काढायची, पळी हातात धरून डोळे वटारायची. देवरावला गंमत वाटायची. सरांनी त्याला एक प्रत भेट दिली होती, ती त्याने घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. "वाचलं का गा?" सर रोज विचारत. "वाचून राहिलो ना सर," देवराव म्हणायचा. त्याला अक्षरं जेमतेम लागत. संध्याकाळी काजल दोन-चार पानं वाचून दाखवायची. जगानं काहीही म्हणावं, देवराव काय म्हणतो याची सरांना खरी उत्सुकता होती.

जगानं मात्र जे म्हणायचं ते म्हटलंच. मोहल्ल्यातल्या वाचनालयाने 'सातवी कुपी'वर चर्चा ठेवली. सर नवा सदरा घालून गेले. तिथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकीनं सांगितलं की पुस्तक हातातून सुटलं नाही, भाजी करपली. दुसरा म्हणाला, मधली शंभर पानं फाडून टाकली असती तरी कळलं नसतं. कुणाला पोलीस अधिकारी बाई फार आवडली. कुणाला ती एका जागी दोन मिनिटं टिकत नाही याचा त्रास झाला. रुपराव नावाचे गृहस्थ मौद्याच्या वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले. ते उभे राहिले ते जवळजवळ भांडायलाच. "सर, शेवटी सगळेच मेले! मले सांगा, मानसानं दिवसभर पेपर वाचून मरायचं आन संध्याकाळी पुस्तक वाचूनबी मरायचं का?" लोक हसले. सरही हसले, पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. तिसरं प्रकरण, म्हणजे ठेल्याचं. "मले वाचता वाचता तर्रीचा वास आला," असं एक बाई म्हणाल्या तेव्हा सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात मिनल उठली. मिनल सरांचीच विद्यार्थिनी, आता तिची स्वतःची पॅथॉलॉजी लॅब. "सर, राग नका मानू," ती म्हणाली, "पन तिसऱ्या प्रकरनातच तं गडबड आहे. तर्री उकळत असते ना? उकळत्या गंजात कुपी ओतली तं जंतू तिथंच मरतीन. हे तुमीच आमाले शिकवलं होतं. मंग पुढची तीनशे पानं कशी झाली?"

सभागृहात हशा उसळला. विज्ञानाच्या मास्तरला त्याच्याच पोरीनं विज्ञानात पकडलं होतं. सरांचे कान तापले. त्या घडीला त्यांनी मूग गिळून बसायला हवं होतं. हसून म्हणायला हवं होतं की चुकलं बाई, गोष्ट आहे. पण तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला चुकलं म्हणायची सवय नसते.

"मिनल, तू लॅब पाहिली, मी ठेला पाहिला आहे," सर उठून म्हणाले. "सकाळची गर्दी ओसरली ना, की देवराव गॅस वाचवाले गंज शेगडीवरून खाली उतरवतो. मंग तो तसाच ऱ्हायतो, कोमट. झाकन नाही. पळी आतमंधी. कोनीही यावं, कोनीही हात घालावा, पाहनारं कोनी नाही. मी वर्षानुवर्षं माह्या डोळ्यानं पाहून राहिलो. विचार त्या देवरावले!"

टाळ्या पडल्या. "मंग पटलं सर," मिनल हसत म्हणाली आणि खाली बसली. सर पाणी प्यायले. नाव तोंडून गेलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. वाचनालयाचा जितेंद्र मोबाइलवर सगळ्याचा व्हिडिओ काढत होता, त्यानं रात्रीच तो तुकडा ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'लेखकाचे सडेतोड उत्तर'.

तुकडा तिथून निघाला तो फिरतच राहिला. फिरता फिरता आखूड झाला. मिनलचा प्रश्न गळला, कादंबरी गळली, टाळ्या गळल्या. उरले सर, एक इभ्रतदार म्हातारे शिक्षक, गंभीर चेहऱ्यानं सांगताहेत की देवरावच्या ठेल्यावर गंज कोमट असतो, झाकण नसतं, कुणीही हात घालतो, आणि हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. नेमका उन्हाळा लागला होता. नागपुरात उन्हाळ्यात पोटं बिघडतातच, दरवर्षी बिघडतात, गावोगावी बिघडतात. यंदा मात्र त्याला एक पत्ता मिळाला.

अन्न तपासणीवाले आले, तर्री बाटलीत भरून घेऊन गेले. काही निघालं नाही. तर्री स्वच्छ होती. देवराव येईल त्याला सांगायचा, "सगळं साफ निघालं बरं का." त्यावर गिऱ्हाईक विचारायचं, "पन तपासाले आले काहून होते?" देवराव बशा विसळायला वळायचा. मुनीम मंडळी पहिल्यांदा गळली. मग शिकवणीची पोरं गेली, त्यांच्या आयांनी सांगितलं म्हणून.

तेव्हा मोहितने बापाला समजावलं आणि गंजावर झाकण आलं. पळी देवरावने स्वतःच्या हातात घेतली. कुणी पोहे मागितले की झाकण उघडायचं, एक पळी तर्री घालायची, झाकण लावायचं. सरांना तो उपाय ठीक वाटला. आपणही काही केलं पाहिजे म्हणून ते रोज दोन-दोन बशा खाऊ लागले, रस्त्याकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल असे.

पण धान्यबाजारातल्या हमालांना ती गोष्ट लागली. देवाजी नावाचे एक म्हातारे हमाल होते, देवरावचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. छपन्न साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेला माणूस. त्या दिवशी त्यांनी सवयीनं गंजाकडे हात केला आणि झाकण पाहून तो मागे घेतला. देवरावने तर्री वाढली. देवाजींनी बशीला हात लावला नाही.

"देवराव, आमच्या हातात पळी देनं बंद केलं का गा?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही जी देवाजीबाबा," देवराव घाईघाईनं म्हणाला, "सगळ्यांसाठीच आहे तसं. लोक भेऊन राहिले ना."

"भेऊन राहिले, समजलं," देवाजी म्हणाले. "कोनाच्या हाताले भेऊन राहिले, तेबी समजलं. इतवारीत पोहे ढीगभर भेटतात. इथं पळी भेटत होती म्हून येत होतो मी."

एवढं बोलून ते निघाले. देवराव हातातली पळी धरून उभा राहिला. सर दुसरी बशी खात बाजूलाच होते. त्यांनी ती खाली ठेवली. जो प्रश्न देवाजींनी विचारला, तो आपल्या तोंडातून निघालेल्या एका वाक्यातून जन्मला होता हे त्यांना तेव्हा लख्ख कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटून काही होत नाही हेही कळलं.

त्यानंतर सरांनी जे जे केलं त्यानं आणखी वाटोळंच झालं. झाकण काढलं तर एक बाजू येत नव्हती, ठेवलं तर दुसरी. सरांनी मोबाइलवर आणखी एक तुकडा काढून घेतला: "मी रोज इथेच खातो, ठेला अगदी स्वच्छ आहे." खाली लोकांनी लिहिलं, आता लेखकालाच सफाई द्यावी लागून राहिली म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. मग त्यांनी वाचनालयाच्या मंडळींना गळ घातली की पुढची चर्चा ठेल्यावरच करू. रविवारी सगळे आले. पहिल्या चर्चेला आले होते तेवढ्याच उत्साहात आले. "अय्या, हाच तो कडुनिंब!" झालं. रुपरावांनी गाडीवर हात फिरवून पाहिला, कादंबरीत हिरवी का केली म्हणून सरांना टोचून बोलले. जितेंद्रनं गंजाचा फोटो काढला. मग देवरावने बशा भरल्या आणि एकेकाला काहीतरी आठवू लागलं. एकाचा उपास निघाला, एकाला पित्त झालं होतं. मिनल खाली मान घालून म्हणाली, "मी घरून खाऊन आली सर." जंतू कशानं मरतात हे ज्या एका व्यक्तीला तिथे नीट माहीत होतं, तीही घरून खाऊन आली होती. भरलेल्या बशा गाडीवर ओळीनं निवत राहिल्या. मोहितने त्या एकामागून एक उचलल्या. सरांकडे त्याने पाहिलंही नाही.

मंडळी गेल्यावर देवराव सरांपाशी स्टूल घेऊन बसला. "सर, काजलनं संपवलं पुस्तक," तो म्हणाला.

सर त्याच्याकडे वळले. एके काळी या वाक्याची ते किती वाट पाहत होते! "मंग?" ते म्हणाले.

"मले एक विचाराचं होतं. त्या दौलतरावचं पुढं काय झालं जी?"

"कोन दौलतराव?" सर म्हणाले आणि म्हणताक्षणी चपापले.

"पोहेवाला. तो मानूस तर्रीत औषध टाकून जाते. दौलतराव शेव टाकते, बशी देते. मंग काजल वाचून राहिली, वाचून राहिली, मी वाट पाहून राहिलो. तो काही आलाच नाही परत. मी तिले म्हटलं, पान सुटलं का वं तुह्याकडून? ती म्हने, नाही बाबा, नाहीच आहे."

सरांनी मनातल्या मनात तीनशे पानं उलटली. मंत्र्याच्या गाडीचा रंग त्यांना आठवला, शास्त्रज्ञाच्या बालपणाचं अख्खं प्रकरण आठवलं. दौलतराव शेव भुरभुरून जो गेला तो गेला. इतक्या वाचकांनी इतक्या खोडी काढल्या, भाषेत काढल्या, शास्त्रात काढल्या, पण ह्या माणसाचं काय झालं हे एकानंही विचारलं नव्हतं. कारण कुणाला पडलंच नव्हतं. लिहिणाऱ्यालाच पडलं नव्हतं, तर वाचणाऱ्याला काय म्हणून पडावं?

"तो... तो मेला असनं ना," सर कसेबसे म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"असनं?" देवराव म्हणाला. "तुमालेच मालूम नाही?"

देवरावने पुढे ताणलं नाही. उठून तो भांडी घासायला लागला.

पुढे फार काही उरलं नव्हतं. मोहितला बुटीबोरीच्या एका गोदामात काम मिळालं, काजल घरीच शिवणकाम घेऊ लागली. सावनेरकडच्या कुणा माणसाने हातगाडी मागितली होती. तो तिच्यावर उसाचा रस काढणार होता. देवरावने सरांना निरोप धाडला की उद्या शेवटचा गंज लावतो, या. शामलाताई म्हणाली, "कोनत्या तोंडानं जाऊन राहिले?" सर म्हणाले, आहे त्याच तोंडानं. त्यांनी चपला घातल्या आणि निघाले.

सकाळ नेहमीसारखीच होती. टेम्पो वळत होते, हमालांच्या आरोळ्या होत्या. कडुनिंबाखाली निळी गाडी उभी होती आणि गंजावर झाकण नव्हतं. गंज शेगडीवरून उतरवलेला, शांत. आत पळी, दांडा बाहेर, जशी असायची तशी. देवरावने देवाजींनाही बोलावलं होतं. ते आले, त्यांनी आपल्या हातानं पळी उचलली, दोनदा तर्री घेतली, उभ्याउभ्या खाल्लं, बशी विसळून ठेवली. "बरं मंग," एवढंच म्हणाले आणि देवरावच्या पाठीवर हात ठेवून निघून गेले. बाकी कुणी आलं नाही.

देवरावने सरांसाठी पोहे भरले. शेव भुरभुरली. बशी पुढे सरकवली आणि गंजाकडे हात केला. "घ्या सर. तुमच्या हातानं."

सरांनी पळी धरली. हा गंज त्यांनी हजारदा पाहिला होता. ती कुपी, ते जंतू, तो शास्त्रज्ञ, सगळं त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून, चहा पीत, डोक्यातून काढलं होतं. जगात दुसऱ्या कुणाला नसेल इतकं त्यांना पक्कं माहीत होतं की ते सगळं खोटं आहे. तरी पळी बुडवण्याआधी त्यांचे डोळे गंजात गेले. कडेला लागलेल्या तवंगावर जरासे थांबले, तळाशी काही दिसतं का ते शोधून परत आले. क्षणभरच. मग त्यांनी मान वर केली, तेव्हा देवराव त्यांच्याकडेच पाहत होता.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"लय भारी लिवलं सर तुमी पुस्तक," देवराव म्हणाला.

सर पहिल्यापासून वाट पाहत होते ती दाद ही अशी आली. सरांनी तर्री घेतली, एक पळी, मग दुसरी, आणि रस्त्याकडे पाठ करून शेवटच्या दाण्यापर्यंत पोहे खाल्ले. देवरावने परात उलटी करून पुसली आणि गंजावर झाकण ठेवलं.